बाबाडूक आणि तिसरी अट
बाबाडूक या भयपटातल्या राक्षसाबद्दल बोलताना दोन प्रश्न एकात मिसळले जातात: तो 'गे आयकॉन' कसा झाला, आणि हे एलजीबीटी लोकांचं प्रतिनिधित्व मानायचं का?

'द बाबाडूक' (२०१४) हा जेनिफर केंटचा भयपट. नेटफ्लिक्सवर तो एलजीबीटी विभागात दिसत असल्याचा स्क्रीनशॉट फिरला आणि २०१७च्या प्राइड महिन्यात बाबाडूकच्या उंच काळ्या टोपीमागे इंद्रधनुष्य आलं. विनोद टिकला, कारण कथा त्याला साथ देते. घरचे बाबाडूकचं अस्तित्व नाकारतात, तो मात्र जात नाही. शेवटी तळघरात राहतो आणि त्या घरातली आई त्याला वाडग्यातून गांडुळं नेऊन देते. लपवून ठेवलेलं आयुष्य ज्यांना माहीत आहे, त्यांना हे लगेच भिडतं.

अशा आडून वाचण्याची सवय जुनी आहे. १९३४पासून हॉलिवूडमध्ये हेज कोड, म्हणजे चित्रपटात काय दाखवायचं याची नियमावली, कडक झाला, समलैंगिकतेची नुसती सूचनाही निषिद्ध ठरली. मग दिग्दर्शक नजर, पोशाख, बोलण्याची ढब यांतून सुचवू लागले. बरेचदा खलनायकातूनच, हे वाईट.

पण प्रतिनिधित्व ही वेगळी गोष्ट. ग्लाड या एलजीबीटी हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेची व्हिटो रुसो चाचणी (२०१३) लावा: पात्र एलजीबीटी असल्याचं स्पष्ट हवं, तेवढीच त्याची ओळख नको, आणि ते काढल्यावर कथेला धक्का बसायला हवा. गल्लत तिसऱ्या अटीत होते. ते पात्र वगळून कथानक चार वाक्यांत सांगून बघा. काहीच अडलं नाही तर चित्रपट नापास. बाबाडूक पहिल्याच अटीवर अडकतो. तरी चाहत्यांचं त्याच्यावरचं प्रेम खरंच आहे.