मदत हवी आहे: बाबांचा फोन ३० टक्क्यांवरून थेट बंद पडतो. बॅटरी गेली की फोन?

संत्राबागवाली:

नमस्कार मंडळी,

बाबांच्या फोनबद्दल विचारायचं आहे. अँड्रॉइड आहे, पाचेक वर्षं जुना. बॅटरी ४००० एमएएचची, आत चिकटवलेली, म्हणजे झाकण काढून आपल्याला बदलता येणारी नाही. बाकी फोनला काहीच झालेलं नाही. स्क्रीन चांगली, आवाज चांगला, आणि बाबांचा हात त्यावर बसलेला आहे.

घरी प्रतापनगरला असले की फोन बऱ्यापैकी चालतो. काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे, तिथे गेले की आकडे काहीच्या काही दाखवून राहिला. ५२ वरून एकदम ३८. तिशीच्या आसपास असताना व्यापाऱ्याला फळाचा फोटो पाठवायला कॅमेरा उघडला की स्क्रीन काळी. परत सुरू करायला गेलं तर कंपनीचं नाव येतं आणि पुन्हा बंद. गाडीत चार्जर लावला की मात्र सुरू होतो, आणि लगेच २७ टक्के दाखवतो! दोन मिनिटांत २७ टक्के भरत नाहीत, म्हणजे ते आत होतेच ना? मग बंद कशाला पडतो?

बाबा बागेत एकटे असतात, बीपीची गोळी सुरू आहे. फोन लावला आणि ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून हे लवकर सोडवायचं आहे.

केबल आणि चार्जर बदलून पाहिले, फॅक्टरी रीसेटही केला. बर्डीतल्या एका दुकानदाराने फोन न उघडताच ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ म्हणून सांगितलं. ते मला पटलं नाही. बॅटरी बदलून काम होईल का, आणि पैसे घालण्याआधी घरी काही तपासता येईल का? जाणकारांनी सांगावं.

रिपेअरवाला_मोदी३:

ताई, बोर्डाचा विचार सध्या सोडा. तुम्ही जे लिहिलं त्यातच उत्तर आहे. कॅमेरा उघडला की बंद, चार्जर लावला की टक्के परत. माझ्या टेबलावर असे फोन रोज येतात आणि बहुतेक वेळा बॅटरीच झिजलेली निघते.

टक्के म्हणजे अंदाज असतो. फोनमधली एक चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते आणि तो व्होल्टेजशी ताडून पाहते. आता लिथियम बॅटरीची गंमत अशी की पूर्ण भरली की ४.३५-४.४ व्होल्ट, पण मधला बराच काळ ती ३.७-३.८ च्या आसपास रेंगाळते आणि शेवटी झपकन खाली येते. मधल्या पट्ट्यात नुसत्या व्होल्टेजवरून फारसं कळत नाही, चिपला हिशेबावरच विसंबावं लागतं. बॅटरी झिजून तिच्यात अडीच-तीन हजारच मावत असेल आणि चिप ४००० धरून चालली असेल, तर हिशेब चुकत जातो. चूक ध्यानात आली की ती आकडा एकदम खाली आणते. तुमचं ५२ चं ३८ बहुधा असंच झालं.

बंद पडण्याचं कारण वेगळं. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. गावात मोटारपंप सुरू झाला की घरातला बल्ब मंद होतो ना, तसं. कॅमेऱ्याने एकदम करंट ओढला की व्होल्टेज क्षणभर इतकं खाली जातं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज आत असतो, पण त्या जोराने बाहेर येऊ शकत नाही. चार्जर लावल्यावर भार तो उचलतो, म्हणून २७ परत दिसतात.

आणि बागेतच का? तिथे रेंज कमी असेल. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो, त्याला करंट जास्त लागतो. वरून कॅमेरा. घरी वायफायवर एवढा भार येतच नाही.

घरी बघायचं असेल तर डायल पॅडवर \*#\*#४६३६#\*#\* टाका, बॅटरीचं पान असलं तर व्होल्टेज दिसेल. सगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये ते उघडत नाही. नसेल तर अॅक्युबॅटरी हे ॲप टाका. ४० टक्क्यांच्या आसपास असताना आधी शांत फोनचं व्होल्टेज बघा, मग व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू ठेवून बघा.

धरमपेठकर:

आईच्या फोनला असंच होत होतं. पूर्ण उतरवून, बंद ठेवून १०० पर्यंत चार्ज केला, तेव्हापासून आकडे उड्या मारत नाहीत. आधी कॅलिब्रेशन करून बघा, फुकटचं आहे.

रिपेअरवाला_मोदी३:

भाऊ, आकडा सुधारतो हे बरोबर, कारण चिपला रिकामं कुठे आणि भरलेलं कुठे ते नव्याने कळतं. पण बॅटरीत मावतं तेवढंच मावतं आणि आतला रोधही तसाच राहतो. ताईंचा फोन भाराखाली बंद पडून राहिला, तो यानं थांबणार नाही. एकदा करायला हरकत नाही, पण दर आठवड्याला शून्यापर्यंत उतरवायची सवय लावू नका, त्याने बॅटरी आणखी झिजते. ‘कॅलिब्रेशन’ची जी ॲप मिळतात त्यांच्या भानगडीत पडू नका. त्यातली बरीचशी बॅटरी वापराची नोंद पुसतात, आणि टक्के त्या नोंदीवरून ठरतच नाहीत.

संत्राबागवाली:

दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. कोडने पान उघडलं नाही, ॲपवर बघितलं. ४१ टक्क्यांवर शांत असताना ३.७६ व्होल्ट. रेकॉर्डिंग सुरू करून टॉर्च लावला तर ३.४ च्या खाली, आणि बंद केल्याबरोबर परत ३.७ च्या वर. ॲपने क्षमतेचा अंदाजही दिला, २४०० च्या जवळपास. बाबांना दाखवलं तर म्हणाले, ‘म्हणजे फोन खोटं बोलत नव्हता, त्याला दम लागत होता.’

आता बॅटरी बदलायची नक्की. पण बाजारात तर ३०० पासून दीड हजारापर्यंत सगळे ‘ओरिजिनल’च म्हणतात. ओळखायचं कसं? आणि बदलून येईपर्यंत बाबांनी काय करायचं?

रिपेअरवाला_मोदी३:

आकड्यांनी सगळं सांगितलं. बॅटरीच बदला.

आधी हे बघा: फोन सपाट टेबलावर ठेवा. डगमगला, मागचं झाकण कडेने उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन मधून वर आली असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्ज करू नका, दाबू नका, बाबांच्या खिशात तर अजिबात देऊ नका.

घेताना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पहिले विचारा. पाच वर्षं जुन्या मॉडेलची बॅटरी कधी मिळते, कधी नाही. बाहेर घेतली तर एका गोष्टीवरून माल कळतो: मूळ ४००० आणि तेवढ्याच जागेत कोणी ५५०० छापून देत असेल तर सरळ उठून या. बसवण्याआधी मॉडेल नंबर जुळवा, बिल घ्या, आणि आठवडाभर वापरून पुन्हा हीच व्होल्टेजची चाचणी करा. भाराखाली आतासारखी पडली तर ती बॅटरी परत करायची. फोन देण्याआधी फोटो आणि सातबाराचे कागद काढून ठेवा. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं सील पहिल्यासारखं राहत नाही, बागेत पाणी देताना जपावं लागेल.

तोपर्यंत बाबांना छोटी पॉवर बँक द्या, आणि फोटो काढताना ती लावूनच काढा म्हणावं. बाकी वेळ मोबाइल डेटा बंद, फक्त कॉल सुरू. गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंग पूर्ण बंद करा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे जातो, काचेमागे तर विचारू नका. माझ्या मते या बॅटरीचं आयुष्य गाडीतल्या चार्जिंगनेच खाल्लं असणार.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेट घेते. ज्याच्याकडून बदलाल त्याच्याकडेच ई-कचऱ्यासाठी द्या.

संत्राबागवाली:

सर्व्हिस सेंटरला फोन केला, बॅटरी मागवावी लागेल म्हणाले, मागवली. पॉवर बँक बाबांच्या डब्याच्या पिशवीत गेली. बसवून झाल्यावर भाराखालचे आकडे इथेच टाकते.