मदत हवी आहे: केमनच्या पासपोर्टवर ‘ब्रिटिश सिटिझन’ का नाही?

सई_के: आम्ही केमन आयलंड्सला, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवर असतो; नवऱ्याचा नवा पासपोर्ट हातात आला. बाहेर ‘ब्रिटिश पासपोर्ट’ आणि ‘केमन आयलंड्स’, आत राष्ट्रीयत्वासमोर मात्र ‘ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरीज सिटिझन’ (ब्रिटनच्या सागरापारच्या प्रदेशाचा नागरिक). अमेरिकेचा एस्टा फॉर्म (व्हिसाशिवाय जाण्याची ऑनलाइन परवानगी) पुढे सरकतच नाहीये. छपाईची चूक कुठे दुरुस्त करून मिळेल? प्लीज लवकर सांगा, तिकिटं अडली आहेत.

नाखवा: चूकच आहे. ब्रिटनच्या २००२ च्या कायद्याने केमनमधले सगळे ब्रिटिश नागरिक झाले. परत पाठवा.

कागदवाला: नाखवा, थांबा जरा. २१ मे २००२ ला ज्यांच्याकडे हे ओव्हरसीज टेरिटरीजचं नागरिकत्व होतं, ते आपोआप ब्रिटिश नागरिक झाले. त्यातही सायप्रसमधल्या ब्रिटिश लष्करी तळांपुरताच संबंध असलेले वगळले. नंतर नॅचरलाइझ झालेल्यांना (अर्ज करून नागरिकत्व घेतलेल्यांना) ते आपोआप मिळत नाही. सईताई, यजमानांचं नागरिकत्व जन्माने की नॅचरलायझेशनने? कधीचं? आणि फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींपैकी दुसरी बघा: पासपोर्ट नंबरच्या नऊ जागा आणि एक तपास-अंक सोडला की पुढची तीन अक्षरं कोणती?

सई_के: नॅचरलायझेशन, गेल्या वर्षी. अक्षरं जीबीडी.

कागदवाला: मग छपाई अगदी बरोबर आहे, जीबीडी म्हणजे ओव्हरसीज टेरिटरीज सिटिझनच. ब्रिटिश नागरिकाला जीबीआर लागतो. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांपैकी एस्टा यूकेत कायम राहण्याचा हक्क असलेल्या ब्रिटिश नागरिकांनाच मिळतो. यादीत ‘युनायटेड किंगडम’ निवडून या पासपोर्टचा नंबर अजिबात भरू नका. चेक-इनला मशीन जीबीडीच वाचणार आणि तिथेच अडवतील.

खरा उपाय १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याचं कलम ४-ए. त्याखाली ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी होते. यूकेत राहिलेलं असण्याची अट नाही, चारित्र्य मात्र तपासतात. मंजुरीनंतर समारंभात शपथ, आणि मग ब्रिटिश नागरिकाच्या पासपोर्टचा वेगळा अर्ज. नोंदणी झाली म्हणून हातातला पासपोर्ट बदलत नाही. केमनच्या पासपोर्टवर हेच राष्ट्रीयत्व राहणार.

हडसनकर: एवढा खटाटोप कशाला? केमनहून थेट अमेरिकेला जायचं तर गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, व्हिसा लागत नाही.

सई_के: आम्ही आधी मुंबईला, मग तिथून न्यूयॉर्क.

हडसनकर: हे आधी सांगायचं ना! सवलत थेट केमनहून येणाऱ्यालाच. साधा बी-१/बी-२ (अमेरिकेचा पर्यटन-व्यवसाय भेटीचा) व्हिसा काढा.



नाखवा: कागदवाला, ४-एची नोंदणी हक्काने मिळते ना?

कागदवाला: नाही, ब्रिटनच्या मंत्र्यांच्या मर्जीवर. म्हणून मंजुरीच्या भरवशावर तिकीट काढू नये. सईताई, मुंबईचं निघालं म्हणून विचारतो, त्यांचा जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर (सरकारला परत) केला का?

सई_के: नाही, घरातच आहे. मुंबईत तोच दाखवणार होते ते.

कागदवाला: मुळीच नको. परकं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, तो पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. आधी सरेंडर सर्टिफिकेट, मग भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). आणि त्या फॉर्मवरही राष्ट्रीयत्व पासपोर्टवर छापलंय तसंच लिहा.