वाचनालयात पुस्तकांशिवाय तुम्हाला काय मिळालं?

मे महिन्यात गावी गेलो होतो, आर्वीकडे. वाचनालयाच्या ओट्यावर रांजण, त्याला साखळीनं बांधलेला गडवा. बाजारहाट करून आलेल्या दोन बाया पाणी प्यायल्या, आत पंख्याखाली टेकल्या, पिशव्या नीट केल्या आणि निघाल्या. सभासद आहात का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्या वाचनालयांना अ ते ड वर्ग मिळतो आणि त्यावर अनुदान ठरतं. तपासणीत पुस्तकं, सभासद, नियतकालिकं मोजतात. रांजण कोण मोजतो? तर तुमच्या गावच्या वाचनालयातली अशी न मोजलेली सोय इथं सांगा.

पुसद तालुका
आमच्या ड वर्गाच्या वाचनालयात लोखंडी गोळे आहेत. पोरांचा 7.260 किलोचा, पोरींचा 4 किलोचा. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि त्यातले 15 गोळाफेकीचे, त्यामुळे भरतीवाल्या पोट्ट्यांनी वर्गणी काढून घेतले. ठेवायचे कुठं? कुलूप फक्त वाचनालयाला. पहाटे गोळा न्यायचा तर आदल्या संध्याकाळी देवघेव रजिस्टरात नाव, तारीख, सही, अगदी कादंबरी नेल्यासारखी. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या बुटाला टेबलाखाली गोळा लागला. "हा कोणत्या रजिस्टरात चढवला?" ग्रंथपालकाका शांतपणे म्हणाले, "जडवस्तू संग्रहात, साहेब." साहेबांनाही हसू आवरलं नाही.

अचलपूरकडचा
राजेहो, आमच्याइकडे चष्म्यायचा डबा हाय. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत दहा-बारा जुने चष्मे, काडीले सुतळी, सुतळीले पुठ्ठ्याची चिठ्ठी: दीड, दोन, अडीच. घरचा बुढा गेला का त्याचा चष्मा कोणाच्या कामाचा? मंग लोकं आणून देतेत. एक दिवस शेजारचे काका पेपर वाचाले आले. डब्यातून चष्मा काढला, काडीले तांब्याची तार गुंडायलेली. पाह्यतच राह्यले. "हा त आपल्या सोबत्याचा हाय," म्हणे. "जित्ता होता तवा मले हात नाही लावू देल्ला." मंग तोच लावून बसले, कापसाच्या भावापासून शेवटच्या पानापर्यंत. नंबर जमत नव्हता बरं त्याईले.

मूळचा यवतमाळचा, आता पुण्यात
मुलगा फिनलंडला असतो, म्हणून हेलसिंकीचं ऊडी पाहिलं. 2018च्या डिसेंबरात उघडलेलं हे सार्वजनिक ग्रंथालय. वरच्या मजल्यावर लोक शिलाई मशीन चालवत होते, थ्रीडी प्रिंटरवर काहीबाही बनवत होते. स्वयंपाकघरसुद्धा आहे. मी अर्धा तास एका मुलाला पँटची चेन बसवताना बघत उभा होतो.

दारव्हा
दादा, शिलाई मशीन आमच्याकडेही होती! बचत गटाला जागा नव्हती म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवली. ग्रंथपालबाईंनी त्याच मशीनवर सुटलेल्या पुस्तकांच्या पाठी शिवून घेतल्या. जाड पुस्तकाला सुई तुटायची, मग गटातल्या बायका ओरडायच्या. शेवटी बाईंनी सुया स्वतःच्या खर्चानं आणल्या.

वाशीम
पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या अठराव्या शतकातल्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. रात्री किडे खातात, म्हणून त्यांना कोणी हाकलत नाही. टेबलं मात्र रोज संध्याकाळी चामड्यानं झाकावी लागतात. आमच्या वाचनालयात वटवाघळं आहेत, कसरही आहे, पण दोघांची ओळख कोणी करून दिलेली दिसत नाही.

ब्रह्मपुरी
कूलर. बाकी काही सांगायची गरज आहे का? आमच्याकडे पारा 47 च्या घरात जातो. अभ्यासिकेत दोन कूलर. पाणी भरायच्या पाळ्यांचा कागद भिंतीवर, तलाठी भरतीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त वाचला जाणारा. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारची, उन्हाची खुर्ची. नवीन खस बसवली की पहिले दोन दिवस असा वास सुटतो, की इतिहासाच्या सनावळ्या त्या वासासकट डोक्यात बसतात. परीक्षेत मला ती खसच आठवली, सन नाही.

गडचिरोली
पोलिसांच्या 'एक गाव, एक वाचनालय' उपक्रमातलं आमचं वाचनालय. लाइट गेली की सोलरवर तिथंच मोबाइल चार्ज होतात. चार्जिंगला लावून पोरं पुस्तक उघडतात, बाहेर पाऊस असला तर जास्तच.

चिखली, बुलढाणा
सगळ्यांचं वाचून मजा वाटली. माझी सोय साधी आहे: आतून कडी.

मी बारावीनंतर तीन वर्षं अभ्यासिकेत बसले. मुलांसोबत मुलीही सकाळी आठपासून. संडास होता, पण दाराला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. दुसरी मिळाली नाही तर पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यातसुद्धा. रांजणाचं कौतुक वाचताना हेच आठवलं, दादा. कार्यकारिणीला दोनदा अर्ज दिला, तिसऱ्यांदा आम्ही तिघींनी दुकानातून कडी आणली, सुताराच्या मुलीनं घरून ड्रिल आणलं आणि दुपारी वाचनालय रिकामं असताना बसवली. आवाज ऐकून ग्रंथपालदादा आले, बघितलं, काही न बोलता खुर्ची सरकवून दिली, वरच्या स्क्रूपर्यंत हात पोचावा म्हणून.

बिल सभेपुढे ठेवलं. "पुढच्या सभेत बघू" म्हणाले. दोन वर्षं झाली, बिल अजून फाइलीत आहे. कडी मात्र नीट लागते.