जिगसाठी परवडणारा रॉड: फास्ट की एक्स्ट्रा फास्ट?

मदत हवी आहे. मासेमारीसाठी गोड्या पाण्यात, काठावरून, ३ ते ६ मीटर खोलीवर १० ते २१ ग्रॅमचं जिग (गळ जडवलेलं वजनदार कृत्रिम आमिष) टाकतो. रीळ २५०० आकाराचं, ब्रेडेड (विणलेली) दोरी पीई १ जाडीची. दोन्ही बदलायचं नाही.

सध्याचा ७ फुटी फायबरग्लास रॉड फार लवचीक आहे. जिग तळाला टेकल्याची ‘टक्’ हाताला कळतच नाही, झटका दिला की टोकच वाकतं आणि गळ रुतत नाही. जिग १४ वरून २१ ग्रॅमचं केलं. टेकणं कळलं, पण दगडांत अडकणं वाढलं. दोरीवर नजर ठेवूनही पाहिलं, वाऱ्यात तिला झोळ पडतो.

आता दोन तुकड्यांचा कार्बन रॉड घ्यायचाय, ७ ते २८ ग्रॅमचं जिग फेकता येणारा. बजेट कमी असताना फास्ट (फक्त वरचा भाग वाकणारा) घ्यावा की एक्स्ट्रा फास्ट (फक्त टोक वाकणारा), आणि तडजोड कड्यांत (ज्यांतून दोरी जाते) करावी की ब्लँकमध्ये (रॉडच्या मूळ दांड्यात)?