साम्राज्यवादाचा धडा कोठून सुरू करावा?

प्रश्न (अमळनेर): नववीतील मुले बर्लिन परिषदेची १८८४-८५ ही सनावळी पाठ करतात, परंतु आफ्रिकेवर ताबा मिळवण्याचे नियम ज्या बैठकीत ठरले, तिथे आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता, याचे गांभीर्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर (जळगाव): सर, कापसापासून करा. अनेक मुलांच्या घरी दिवाळीनंतर ओसरीपर्यंत कापूस भरलेला असतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा खानदेशातील कापसालाही मोठा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. शेतकऱ्याच्या कष्टांत काहीच उणे नव्हते, त्याचा भाव मात्र लिव्हरपूलच्या बाजारावर अवलंबून होता. हे फळ्यावर नकाशा काढूनच सांगावे.

उत्तर (शिरपूर): कापूस योग्यच आहे, पण केवळ बाजार सांगितला तर बळाचा वापर झाकला जातो, आणि ते मला फार खटकते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर भिल्लांचा प्रतिकार मोडता मोडेना, म्हणून इंग्रजांनी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारली; तरीही १८५७ मध्ये भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक उठावात उतरलेच. स्थानिकांनाच सैन्यात घेण्याची हीच रीत पुढे जर्मनांनी पूर्व आफ्रिकेत अस्कारी सैनिकांच्या रूपाने वापरली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी कापूस, मग पलटण आणि त्यानंतर बर्लिन, असा क्रम ठेवतो.