गोवा ७०.३ : वीस आठवडे हाताशी, पोहणं कच्चं. तयारी कशी लावावी?

यवतेश्वर

नमस्कार मंडळी. मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ला नाव नोंदवलं आहे. म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी धावणं. हातात वीस आठवडे आहेत. राहायला साताऱ्यात, वय ४१, वजन ६८ किलो. घाटातली हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. सायकलवर शंभर किमी अडत नाही. साधी अॅल्युमिनियमची रोडबाइक आहे, २८ मिमी टायर.

घोडं पेंड खातंय ते पोहण्यात. विहिरीत शिकलेलं पोहणं. फ्रीस्टाइल पन्नास मीटर केलं की धाप लागते आणि मग ब्रेस्टस्ट्रोकवर यावं लागतं. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-नऊ तास निघतील. तर,
१) एवढ्या वेळात पोहणं कट-ऑफच्या (ठरवून दिलेल्या कमाल वेळेच्या) आत बसेल का? समुद्राचा सराव कुठे, कधी करावा?
२) आठवड्याची मांडणी कशी असावी?
३) सायकलवर काय आणि किती खायचं? जेल (पाकिटातले साखरेचे घट्ट पाक) पोटाला मानवत नाहीत.
नवी सायकल घ्यायचा विचार नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको.

दर्यावर्दी

बसेल. पण आधी हिशोब बघा. पोहण्याचा कट-ऑफ साधारण १ तास १० मिनिटं असतो (आयोजकांचं त्या वर्षीचं अॅथलीट गाइड आलं की ताडून घ्या). १९०० मीटरला ७० मिनिटं म्हणजे १०० मीटरला ३:४१. ऐकायला सोपं वाटतं. मात्र समुद्रात कुणी सरळ रेषेत पोहत नाही, नवख्याचे सहज २१०० मीटर होतात. तलावात तुमचा वेग ३:२० असेल तर त्या २१०० ला बरोबर ७० मिनिटं लागतील आणि तुम्ही बाहेर. शिवाय तलावात दर २५ मीटरला भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग मिळतो, तो समुद्रात नाही. म्हणून तलावात सलग १९०० मीटर २:४५ च्या आसपास जमलं पाहिजे. तेवढं असलं की २१०० मीटरही ५८ मिनिटांत होतात.

पन्नास मीटरला धाप लागते ती दमसासाची कमतरता नव्हे. घाटात सव्वादोन तास धावणाऱ्याकडे दमसास भरपूर असतो. विहिरीत शिकलेले बहुतेक जण डोकं वर ठेवून पोहतात. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि तुम्ही पाण्यात तिरके होऊन पाणी ढकलत राहता. दुसरं, श्वास पाण्यात सोडायचा असतो. तोंड वर काढल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ तिथे नसतो; छातीत जुनी हवा साठते आणि जीव घाबरा होतो. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून सतत बुडबुडे निघाले पाहिजेत. तिसरं खास धावणाऱ्यांचं: घोटे ताठ असतात. पाऊल मागे ताणलं जात नाही, ते पाण्यात फावड्यासारखं उभं राहतं आणि ब्रेक लावतं. काही जण लाथा मारत मारत चक्क मागे जातात. रोज दोन मिनिटं वज्रासनात बसा, आणि लाथ गुडघ्यातून न मारता मांडीतून मारा.

पहिले सहा आठवडे अंतर मोजूच नका. आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी ४० मिनिटं. आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून कुशीवर लाथा, एक हात पुढे. सहा लाथा झाल्या की कूस बदला. मग २५-२५ मीटरचे तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती. कुणाला तरी काठावरून मोबाइलवर बाजूनं चित्रण करायला सांगा. आपण आडवे आहोत असं वाटत असतं, चित्रणात पाय दोन फूट खाली दिसतात.

सातव्या आठवड्यात चाचणी: ४०० मीटर जोरात, दहा मिनिटं सावकाश, मग २०० मीटर जोरात. दोन वेळांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे तुमचा १०० मीटरचा टिकाऊ वेग. उदा. ११:४० आणि ५:३०, फरक ६:१०, वेग ३:०५. याच वेगानं १० वेळा १०० मीटर, मध्ये २० सेकंद. दर आठवड्याला एक-दोन वाढवत १८ पर्यंत न्या. चाचणी दर चार आठवड्यांनी.

समुद्राचं म्हणाल तर आत्ता नाव काढू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते, नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या तरी किनाऱ्यालगतची ओढ सप्टेंबर संपेपर्यंत भरवशाची नसते. कण्हेर किंवा उरमोडीच्या जलाशयातही एकट्यानं उतरू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय काठचा गाळ आणि बुडालेली झाडं वरून दिसत नाहीत. तोवर तलावातच समुद्र करा: एका लेनमध्ये चौघं एकदम, भिंतीला न टेकता मध्येच वळायचं, दर आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोरची खूण बघायची. सुसरीसारखे फक्त डोळे, अख्खं डोकं नाही. ऑक्टोबर उजाडला की दोन-तीन शनिवार-रविवार मालवणला चिवला बीचवर किंवा थेट मिरामारला, सोबत माहीतगार माणूस आणि कमरेला भडक रंगाचा फुगा.

मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. जाताना सूर्य पाठीशी असतो, परत येताना थेट डोळ्यांत. गडद किंवा आरशासारख्या काचेचा गॉगल घ्या आणि आदल्या दिवशी किनाऱ्यामागची एखादी उंच इमारत हेरून ठेवा, कारण उन्हात बुई (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसत नाही. मानेला, काखेत आणि घोट्यावरच्या, वेळ मोजणाऱ्या चिपच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन लावा. खाऱ्या पाण्यात अर्ध्या तासात कातडी सोलवटते आणि पुढचे सात तास घामानं झोंबते. घाबरल्यासारखं झालं तर पाठीवर वळा. मदतीला फिरणारी कयाक (छोटी होडी) धरून थांबलेलं नियमात बसतं, फक्त त्यानं तुम्हाला पुढे ओढून नेता कामा नये.

वेटसूटवर (पोहताना घालायच्या रबरी अंगभर पोशाखावर) पैसे घालू नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की वयोगटाच्या क्रमांकासाठी तो चालत नाही, २८.८ च्या वर कुणालाच चालत नाही, आणि गोव्याचं पाणी त्या मोसमात या वरच्या टोकालाच असतं.

चढउतार

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला +१, पण चार वेळा पोहण्याबद्दल थोडा असहमत. आठ तासांत चार वेळा पोहायचं तर सायकल मारली जाते, आणि ही स्पर्धा वेळेच्या हिशेबात अर्धी सायकलच आहे. सहा आठवडे ठीक, पुढे तीनच ठेवा.

मांडणी अशी. सोमवार सुट्टी. मंगळ, गुरू, शनि सकाळी पोहणं. मंगळवारी संध्याकाळी ४५ मिनिटं सावकाश धावणं. बुधवारी सायकल एक तास, त्यात १० मिनिटांचे तीन जोरकस तुकडे. शुक्रवारी लांब धावणं, तासापासून सुरू करून १८ किमीपर्यंत. त्यापुढे गरज नाही. रविवारी लांब सायकल, दोन तासांपासून चार तासांपर्यंत, आणि उतरल्या उतरल्या २०-३० मिनिटं धावणं. हे ब्रिक वगळू नका. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात आणि वेगाचा अंदाज साफ चुकतो. पहिला किलोमीटर हमखास ३० सेकंद जास्त वेगानं जातो. तीन आठवडे चढतं, चौथा एक-तृतीयांशानं कमी. शेवटचे बारा दिवस अंतर निम्मं, थोडा वेग मात्र राहू द्या.

सातारकरांचा एक खास तोटा आहे. घाट चढून पाय तयार होतात, पण घाटात चढ आणि उतार. सलग तीन तास एका दाबानं पॅडल मारायची सवय लागत नाही. उतारावर पाय थांबतात तेवढी विश्रांती गोव्यात मिळणार नाही. निम्म्या लांब राइड सपाट रस्त्यावर, न थांबता करा. भर पावसात हायवेवर जाण्यापेक्षा घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) दीड तास बरा. पावसात गेलातच तर ब्रेकपॅड तपासा. ओल्या रस्त्याची वाळू पॅड खाते.

सायकलचा वेग गाठण्यापेक्षा आवरायला शिका. पॉवरमीटर (पॅडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर २० मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी ताकद. स्पर्धेत त्याच्या ७० ते ७५ टक्के. नसेल तर ३० मिनिटं एकट्यानं जोरात धावा, शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी हा तुमचा उंबरठा, म्हणजे त्यावर गेलात की फार वेळ टिकत नाही. सायकलवर त्याच्या २०-२५ ठोके खाली राहा. पहिले वीस किमी सगळे तुम्हाला ओलांडून जातील. जाऊ द्या, त्यातले बरेच जण नंतर धावण्याच्या मार्गावर चालताना भेटतात.

कट-ऑफचं गणित: सायकल संपवायला सुरुवातीपासून साडेपाच तास, एकूण साडेआठ. पोहायला १:०५ आणि कपडे बदलायला दहा मिनिटं धरली तर ९० किमीला सव्वाचार तास उरतात, म्हणजे ताशी २१.२ किमी. त्या सायकलवर ते आरामात होईल. अगदी काठावर पोचलात तरी धावायला पावणेतीन तासांहून जास्त असतात. तेव्हा सायकलवर पाच मिनिटं वाचवण्यासाठी पाय जाळू नका.

आणि उकाडा. साताऱ्यात पावसाळाभर २५ अंशांत सराव करायचा आणि गोव्यात भर दुपारी दमट हवेत धावायचं, हे अंगाला झेपत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, ऑक्टोबर हीटचा फायदा घेऊन, दहा-बारा दिवस रोज तासभर दुपारी हलका व्यायाम करा. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्याच वेगाला नाडी खाली येते. त्या तासात वेगाची अपेक्षा ठेवू नका.

मीठभाकर

खाण्याचं सांगतो, कारण उत्तरार्धात माणूस बसतो तो बहुतेक वेळा पोटामुळे.

सायकलवर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. जेल मानवत नाहीत तर साखर घ्या, साधी घरातली. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मंनिम्मं असतं आणि दोन्ही आतड्यात वेगळ्या वाटेनं शोषली जातात, म्हणून नुसत्या ग्लुकोजपेक्षा जास्त मात्रा पचते. ७५० मिली बाटलीत १२० ग्रॅम साखर, ३ ग्रॅम मीठ (सपाट अर्धा चमचा) आणि एक लिंबू. ही दोन तासांची शिदोरी. दाट आहे, म्हणून दर दहा मिनिटांनी एक घोट आणि त्यावर दुसऱ्या बाटलीतलं साधं पाणी. नुसती दाट बाटली रिचवलीत तर पोटात पाणी ओढलं जातं आणि मळमळतं. उरलेल्या दोन तासांसाठी तेवढीच साखर-मिठाची पुडी खिशात, मदतकेंद्रावर पाणी घेऊन ढवळायची. बदल म्हणून केळं, मध्यमाला साधारण २५ ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की नको, त्यातल्या तेलानं पोट जड राहतं.

पाणी किती, हे दुसऱ्याला विचारू नका. व्यायामाआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर सायकल. अंग पुसून पुन्हा वजन. ६८.० चं ६७.० झालं आणि मध्ये ४०० मिली प्यायलात, तर घाम तासाला १.४ लिटर. सगळा भरून काढायचा नसतो, अर्ध्याहून थोडा जास्त पुरे. मोजणी दुपारच्या उन्हात करा, सकाळच्या गारव्यातला आकडा गोव्यात निरुपयोगी. आणि मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. ते तहानेपेक्षा धोक्याचं.

हे सगळं स्पर्धेच्या आठ आठवडे आधीपासून रविवारच्या राइडला. पोटालाही सराव लागतो. ३० ग्रॅमपासून सुरू करा, दर दोन आठवड्यांनी दहा वाढवा. धावताना ३०-४० ग्रॅम पुरे. दुखतंय म्हणून मध्येच वेदनाशामक गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात.

यवतेश्वर

सर्वांचे मनापासून आभार. वज्रासन आजपासूनच. दोन शंका: साखरेऐवजी ओआरएस चालेल का? आणि हँडलबारवर एअरोबार (कोपर टेकून वाकून चालवायच्या पुढच्या दांड्या) बसवू का? ती नवी सायकल नाही, म्हणून विचारतोय. :)

मीठभाकर

ओआरएस मिठासाठी उत्तम, शक्तीसाठी नाही. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ६० ग्रॅमसाठी तासाला साडेचार लिटर प्यावं लागेल. साध्या पाण्याच्या बाटलीत अर्धं पाकीट टाकलंत तर मग साखरेच्या बाटलीतलं मीठ कमी करा.

चढउतार

एअरोबार आत्ता बसवणार असाल तर बसवा, सप्टेंबरनंतर नको. मान आणि कंबर जुळवून घ्यायला आठ-दहा आठवडे लागतात. कोपर टेकल्यावर अंग पुढे सरकतं, म्हणून सीटही थोडी पुढे घ्यावी लागते. गर्दीत आणि वळणावर हात ब्रेकवरच. आणि पुढच्या सायकलच्या मागे १२ मीटरच्या आत रेंगाळायचं नाही. आत शिरलात की २५ सेकंदांत ओलांडायचं.

पंक्चरवाला

पंक्चरचं कुणी बोललं नाही म्हणून. दोन ट्यूब, दोन लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश. ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसाएवढी तार रुतलेली असते, बाहेरून दिसत नाही आणि दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. मागचं चाक स्वतः काढून-बसवून ट्यूब बदलणं दहा मिनिटांत जमेपर्यंत घरी सराव करा. अनेकांना फक्त पुढचंच येतं.

सायकल आदल्या दिवशी जमा करतात. दुपारच्या उन्हात उभी राहणार, त्यामुळे थोडी हवा सोडून ठेवा आणि सकाळी भरा. तुमच्या वजनाला २८ मिमीत ७०-७५ पीएसआय ठीक. सकाळी मागचं गिअर सर्वांत सोप्या दातावर आहे ना तेही बघा, कुणाचा तरी धक्का लागून बदललेलं असतं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, ट्रान्झिशनमध्ये (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे, सायकल बदलायच्या जागेत) पंच तेवढंच बघत उभे असतात.

गाडीच्या मागच्या कॅरियरवरून नेणार असाल तर डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी) वाकतो. तुमच्या फ्रेमचा एक जास्तीचा हँगर आत्ताच मागवून ठेवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पणजीत आदल्या दिवशी नेमका तो मिळेल या भरवशावर राहू नका.