लाइन लागत नाही : एका शब्दाचे तुमचे अनुभव

परवा रात्री साडेआठला आईचा फोन आला. ती वर्तकनगरला, मी घणसोलीला. "अगं, तासभर झाला लाइन गेलीय. लाइनमनला फोन करतेय तर लाइनच लागत नाही. बाबा म्हणाले ऑफिसात जाऊन येतो, तर तिथेही ही मोठी लाइन!" आई मूळची सांगलीकडची, वीज गेली की ती लाइट न म्हणता लाइन म्हणते. मला सगळं बरोबर कळलं. आठवीतली लेक मात्र स्पीकरवर ऐकत होती. म्हणाली, "आजीने एका दमात चार वेळा लाइन म्हटलं, आणि चारही वेगळ्या."

मग दुसऱ्या दिवशी मी स्वतःवरच लक्ष ठेवलं. सकाळी रिक्षाच्या लाइनीत उभी राहिले, ट्रान्सहार्बर लाइनची गाडी पकडली, ऑफिसात एका मुलीने लाइन बदलून बँकेच्या परीक्षा द्यायचं ठरवल्याचं ऐकलं, संध्याकाळी प्लंबरने सांगितलं की किचनची लाइन चोकअप आहे. ओळ, रांग, रेघ, रस्ता, धंदा, नळी, तार ही सगळी कामं हा एकटा करतोय. मराठी शब्दांना यानं घराबाहेर काढलं असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही. रांगोळीची रेघ अजून रेघच आहे, कवितेची ओळ ओळच आहे.

तर ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमच्या घरात, कामात, धंद्यात ही लाइन कुठे भेटते? स्वतःचा अनुभव लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद नकोत, ते सगळ्यांकडे आलेले आहेत.

वाशी, परिचारिका

आमच्याकडे सलाइनसाठी हाताच्या शिरेत सुई घातली की "लाइन घेतली" म्हणतात. हात सुजला, नळी बंद पडली की "लाइन गेली", अगदी तुमच्या आईसारखं. पण खरा गोंधळ सेंट्रल लाइनचा. काही औषधं इतकी तीव्र असतात की हाताची बारीक शीर ती सोसत नाही. मग मानेतून किंवा गळ्याच्या हाडाखालून जाड शिरेत नळी घालतात आणि तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचवतात.

कोपरखैरण्याच्या एक काकू आयसीयूत होत्या. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी घाईत काकांना सांगितलं, "पेशंटला सेंट्रल लाइन लागेल, सही करा." काकांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "एवढं सीरियस आहे? मग ठाण्याला न्यायचं की मुलुंडला?" त्यांना वाटलं, इथे भागत नाही म्हणून सेंट्रल लाइनवरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवतायत.

कुणी हसलं नाही. मी कागदाच्या पाठीमागे मान काढली, शीर काढली, नळी काढली. काकांनी सही केली आणि बाहेर जाऊन मुलाला फोन लावला : "मानेतून लाइन टाकतायत. नाही रे, गाडीची नाही." काकू अकराव्या दिवशी घरी गेल्या. तेव्हापासून मी नातेवाइकांसमोर "मानेतली नळी" असंच म्हणते, डॉक्टर काहीही म्हणोत.

पाचपाखाडी

1996 ते 1999, दहावी ते बारावी, मी पेपरची लाइन टाकायचो. पहाटे चारला स्टेशनबाहेर फुटपाथवर गठ्ठे फोडायचे, पुरवण्या आत सारायच्या आणि सायकलला दोन्हीकडे पिशव्या लावून निघायचं. लाइन म्हणजे नुसता रस्ता नाही, घरांचा क्रम. माझ्या लाइनीत 110 घरं होती आणि पेपर त्याच क्रमाने लावलेले असायचे. वरचा उचलायचा, टाकायचा, पुढे. मध्ये एक घर चुकलं की पुढच्या सगळ्या घरांना शेजाऱ्याचा पेपर. एकदा झोपेत असंच झालं आणि एका अख्ख्या इमारतीला गुजराती पेपर गेला.

नवा पोरगा आला की त्याला "लाइन दाखवायची". तीन दिवस तो मागे मागे, चौथ्या दिवशी तो पुढे आणि आपण मागे. कागदावर लिहून घेतलेली लाइन कुणाच्या लक्षात राहत नाही, पायांनीच पाठ होते. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा दाराआड उभे असायचे. पेपर फटीतून आत सरकवला की पलीकडून लगेच ओढला जायचा. तीन वर्षांत मी त्यांची फक्त बोटं बघितली.

मग आमच्या काकांनी गावी जायचं ठरवलं आणि लाइन विकली. हो, लाइन विकली जाते. गिऱ्हाइकांची वही, उधारी आणि मी, असं सगळं मिळून. नव्या मालकाने पहिल्या दिवशी मलाच सांगितलं, "चल, लाइन दाखव."

वाशी, जुने रहिवासी

आम्ही वाशीत आलो 1989 ला. तेव्हा दोन लाइनींची वाट बघणं हाच आमचा उद्योग होता, फोनची आणि रेल्वेची. फोनसाठी अर्ज टाकून वर्षं झाली होती. "पुढच्या महिन्यात लाइन येईल" हे उत्तर इतक्यांदा ऐकलं की धाकटा भाऊ त्याची नक्कल करायचा. अखेर मे 1992 मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीत आली. वडिलांनी आनंदाने गावी काकांना कार्ड टाकलं, "एकदाची लाइन आली. आता केव्हाही या."

पंधरा दिवसांनी काकांचं उत्तर आलं : "अभिनंदन. नंबर कळवावा."

ऐरोली

मी बहिणीसाठी स्थळं बघतेय. आमच्या मावशीचा पहिला प्रश्न शिक्षण नाही, पगार नाही : "कुठल्या लाइनचा आहे?" वेस्टर्न म्हटलं की मावशी वही मिटते. दादरला जिना चढून गाडी बदलायची म्हणजे मुलगी माहेरी यायची नाही, असं तिचं म्हणणं. मावशी स्वतः नागपूरहून लग्न होऊन आलेली आहे.

कोपरी, निवृत्त स्टेशनमास्तर

ठाणेकराने लाइनीबद्दल बोलायचं नाही तर कुणी? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी इथेच आली होती, तीन इंजिनं, 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे. असो, माझा अनुभव त्यामानाने अलीकडचा.

माझी निम्मी नोकरी एकेरी मार्गावर झाली, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. तिथे आमचा सगळा जीव एका शब्दात : "लाइन क्लिअर". पुढच्या स्टेशनला विचारायचं, त्याने लाइन क्लिअर दिली तरच गाडी सोडायची. मधल्या पट्ट्यात दुसरं काहीही नाही, याची ती हमी. यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा, तो ड्रायव्हरच्या हाती गेल्याशिवाय गाडी हलायची नाही. घरी बायको म्हणायची, जेवायला वाढलंय. मी म्हणायचो, लाइन क्लिअर आहे का? निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, अजून तसंच चालतं.

ऐरोली, वीज कंपनीत लाइनमन होतो

मास्तर, गंमत बघा. लाइन क्लिअर आमच्याकडेही आहे, पण उलट्या अर्थाने. तुमची लाइन क्लिअर म्हणजे आता गाडी येऊ शकते. आमची लाइन क्लिअर म्हणजे आता काहीही येणार नाही, पुरवठा बंद आहे, खांबावर चढा. परवानगी ज्याच्या नावावर घेतली त्यानेच ती परत करायची, माणसं खाली उतरलेली मोजायची, मगच वर कळवायचं. मध्ये कितीही ओरडा झाला तरी चालू करायचं नाही. हा विषय काढणाऱ्या ताईंच्या आईंना सांगा, फोन उचलला नाही तेव्हा तो बहुतेक खांबावर असणार. वर असताना आम्ही फोन खिशातून काढत नाही. (काही जण खाली असतानाही काढत नाहीत, ते मात्र चूकच.)

नेरुळ

मी ब्लाउजसाठी शिंप्याला सांगितलं, "लायनिंगचा शिवा." मला अस्तर हवं होतं. शिंपी नवीन होता. तो म्हणाला, कापड तर साधं आहे, लायनिंगचं कुठंय? त्याच्या लेखी लायनिंग म्हणजे रेघारेघांचं कापड. माझे सासरेही आयुष्यभर लायनिंगचाच शर्ट घालतात, आणि त्याला अस्तर नसतं. पाच मिनिटं आम्ही दोघंही एकमेकांना अडाणी समजत होतो. एकाच शब्दाचे अस्तर आणि रेघ असे दोन अर्थ झालेच कसे?

नौपाडा, शाळेत इंग्रजी शिकवत होतो

नेरुळच्या ताई, तुमचं भांडण जवसाच्या शेतात मिटतं. जवस, अळशी. तिच्या झाडाच्या देठापासून धागा निघतो, त्याचं कापड म्हणजे लिनन. लॅटिनमध्ये या झाडाला लीनम म्हणतात. त्यापासून लीनेआ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी, आणि तिच्यावरून इंग्रजी लाइन. दोरी ताणली की सरळ रेघ होते, म्हणून लाइन म्हणजे रेघ. कपड्याला आतून लिननचं कापड लावत, म्हणून लायनिंग म्हणजे अस्तर. तुम्ही आणि शिंपी दोघंही बरोबर, मूळ दोघांचं एकच. आपण अळशीची चटणी खातो, तिलाही इंग्रजीत लिनसीड म्हणतात, तोच हा लीनम.

आता आपल्याकडे बघा. आपला धागा कापसाचा, त्याला सूत म्हणतात. त्यानेही हुबेहूब हाच प्रवास केला. सुतार सूत धरून लाकूड सरळ कापतो, भिंत सुतात आहे म्हणजे सरळ आहे. सुतार हे नावच मुळी सूत्रधारापासून आलेलं. आणि दोन माणसांचं जमलं की आपण म्हणतो, त्यांचं सूत जुळलं. म्हणजे धाग्यापासून सरळ रेघेपर्यंत आणि तिथून थेट प्रेमापर्यंत. "लाइन मारणे" इंग्रजीतून घेतलंय असं मुलांना वाटतं. लंडनला जाऊन कुणाला शब्दशः सांगून बघा, काही कळणार नाही. तो आपलाच उद्योग आहे.

आणि गवंड्याची लाइनदोरी? इंग्रजी लाइन म्हणजे मुळात दोरीच, म्हणजे आपण म्हणतो दोरीदोरी. मला हा शब्द फार आवडतो.

पनवेल

सर, मग आमचीही भर घ्या. पनवेलला लाइन आळी आहे. आळी म्हणजे घरांची ओळच. म्हणजे आम्ही ओळओळीत राहतो. आजवर कुणाला खटकलं नाही, रिक्षावाल्यालाही नाही.

ठाणे पश्चिम

पोलीस लाइनीत वाढलो. वडील हवालदार. शाळेत कुणी विचारलं कुठे राहतोस, की आम्ही "लाइनीत" एवढंच सांगायचो. त्यावर मधल्या सुट्टीत माझा डबा कुणी पळवला नाही. कॉलेजात मात्र ज्या मुलीला हे सांगितलं ती दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या बाकावर.

खारघर, फर्निचरचं काम करतो

सरांनी सुताराचं नाव काढलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा. माझे आजोबा सूत मारायचे. दोरा काव कालवलेल्या पाण्यात भिजवायचा, फळीवर दोन टोकांना ताणून धरायचा, मधून उचलून सोडायचा. फट्ट आवाज आणि लाल रेघ. आता डबीत गुंडाळलेला दोरा येतो, आत निळी पूड असते. आणि सूत मारणे हे कुणी म्हणत नाही. आमची पोरं म्हणतात, लाइन मारणे.

गेल्या वर्षी सेक्टर 20 मध्ये एका घरी काम चालू होतं. दोन भाऊ-बहीण, मुलगी कॉलेजातली. हॉलमध्ये माझा नवा कारागीर, वय वर्षं एकोणीस, प्लायवर माप घेत होता. मुलगी पाणी घेऊन आली, तो ग्लास घ्यायला उठला. मी आतल्या खोलीतून, मला काय माहीत, ओरडलो, "अरे, नुसता बघत काय बसलास? आधी लाइन मार!"

हॉलमध्ये एकदम शांतता. मी बाहेर आलो तर मुलीचे वडील पेपर खाली ठेवून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, आणि पोरगा दोऱ्याची डबी दोन्ही हातांनी उंच धरून दाखवत होता.